बाकावरची तुझी जागा

प्रिय मुला,

प्रभूत सलाम.

सरकारी हुकूम पाळायचा की नाही यावरून तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाद पेटलाय, आणि तो प्रश्न तू पत्राच्या सुरुवातीलाच घातलास. पण खरं दुखणं शेवटच्या दोन ओळींत आहे: रविवारी तू मागच्या बाकावर एकटा बसतोस आणि आशीर्वाद होण्याआधीच उठून जातोस. म्हणून मी शेवटापासून सुरू करतो.

येशूच्या बारा शिष्यांची यादी काढ. त्यात मत्तय आहे, सत्तेसाठी वसुली करणारा जकातदार. लूक ज्याला जिलोत म्हणतो तो शिमोनही आहे, म्हणजे कडवा, आवेशी माणूस. या दोघांचं राजकारण जुळलं असेल असं मला वाटत नाही. आधी त्यांचा वाद मिटवून मग येशूने त्यांना बोलावलं, असंही कुठे लिहिलेलं नाही. मंडळीत तुझी जागा तुझ्या मतामुळे नाही, बोलावण्यामुळे आहे. ज्यांनी तुला भित्रा म्हटलं त्यांचीही तशीच आहे, हे ऐकायला जड जाईल.

आता हुकूम. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, सत्तेच्या अधीन राहा म्हणणारा, तुझ्यावर फेकला गेला, असं तू लिहितोस. प्रेषित पौलाने तो लिहिला तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, कोणी भक्त राजा नव्हे. अध्यायांचे आकडे तर कितीतरी शतकांनी पडले. बारावा संपवून दम न घेता तेरावा वाच. छळणाऱ्याला आशीर्वाद द्या, सूड घेऊ नका, कर द्या, प्रीतीखेरीज कोणाचं देणं ठेवू नका, हे सगळं एका दमातलं आहे. त्यातली एकच ओळ तोडली की तिची काठी होते.

आणि अधीन राहा म्हणणारा हा पौल मुका नव्हता. फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून अधिकारी त्याला गुपचूप सोडायला निघाले, तर म्हणाला, स्वतः येऊन बाहेर न्या. पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. अर्ज करणं, कायद्याने भांडणं हे बंड नव्हे. येशूचा शिष्य पेत्र याने मात्र सरळ नकार दिला, कारण त्याला ख्रिस्ताचं नाव घ्यायलाच बंदी होती. तुझ्या हुकमाला हेच विचार: तो देवाने सांगितलेलं अडवतो, की आमची फक्त गैरसोय करतो? (गैरसोयीला छळ म्हणायची हौस आपल्या लोकांना फार. मलाही होती.)

जुन्या करारातल्या दानीएलचं मला एवढंच आवडतं: देवाची प्रार्थना करायला बंदी आल्यावर त्याने खिडकी मुद्दाम उघडली नाही आणि लावूनही घेतली नाही. पूर्वी करायचा तसाच, दिवसातून तीनदा, गुडघे टेकत राहिला.

तरुणपणी अशाच वादात मी दोन महिने उपासनेला गेलो नाही. परतलो तेव्हा माझ्याविरुद्ध सर्वांत कडक बोललेल्या बाईंनी बाकावरचं आपलं गीतपुस्तक उचलून घेतलं. प्रत्येक रविवारी त्या ते माझ्या जागेवर ठेवत होत्या. मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. मीही नाही.

या रविवारी आशीर्वादापर्यंत थांब. हुकमाची प्रत सोबत ने आणि तुझ्याशी भांडलेल्या मंडळीतल्या त्या वडीलधाऱ्यांना म्हण, आपण दोघं बसून ही पहिल्या ओळीपासून वाचू. माझा अंदाज आहे, त्यांनीही ती पूर्ण वाचलेली नाही.

तुझा,
प्रार्थनेत आठवण ठेवणारा