‘त्याला एकही मित्र नाही हो, ताई’

बऱ्हाणपूरहून एका आईचा फोन आला. मुलगा इंदूरला शिकतो, तिथल्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन राहतो. “दोन वर्षं झाली, ताई, त्याला एकही मित्र नाही. डिप्रेशन तर नसेल ना?” समुपदेशक म्हणून ही काळजी मी महिन्यातून तीन-चारदा तरी ऐकते.

मुलगा आला. झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे सगळं आधी विचारून घेतलं. त्यात काही बिनसलं असेल तर गप्पांच्या सरावावर भागत नाही, डॉक्टरच गाठावा लागतो. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइनही आहे. त्याची झोप उशिरा लागत होती, बाकी ठीक होतं.

“काल कुणाकुणाशी बोललास?” तो आठवत बसला. सकाळी पोहे घेतले होते, पण बोटानेच प्लेट दाखवून. पैसे मोबाइलवरून दिले. पैसे मिळाल्याचंही ठेल्यावरचा स्पीकरचा डबाच बोलला. वर्गात, मेसमध्ये, जिन्यात एक शब्दही नाही. “जिवाभावाचं कुणी भेटलं की बोलेन, मॅडम. उगाच ‘काय, जेवलास का’ करून काय होतं?”

पुष्कळ होतं. २०१४ साली कॅनडात झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या दिवशी वर्गातल्या नुसत्या ओळखीच्या, पण नेहमीपेक्षा जास्त मुलांशी बोलणं होतं, त्या दिवशी विद्यार्थी जास्त आनंदात असतात, आपण इथले आहोत असं त्यांना वाटतं. ही मुलं जिवलग नव्हती, तोंडओळखीचीच होती.

त्याच्या मनात मात्र पहिल्या वर्षाची एक सल होती. तो काहीतरी बोलला आणि दोघं हसले. तेव्हापासून ‘मी कुणाला आवडत नाही’ हे त्याने धरूनच ठेवलेलं. खरं तर समोरच्याला आपण किती आवडलो, याचा अंदाज माणसं बहुधा कमीच बांधतात. २०१८च्या एका अभ्यासात हॉस्टेलमध्ये एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्येही ही चूक कित्येक महिने टिकलेली दिसली.

त्याला मित्र जोडायला सांगितलं नाही. रोज एक वाक्य, एवढंच. आठवडाभर जमलं. मग लायब्ररीत शेजारच्याला काही विचारलं, त्याच्या कानात इअरफोन होते, उत्तर आलं नाही. पुढच्या वेळी हा आलाच नाही.

परत आला तेव्हा खरी गोष्ट कळली. बोलायला सुरुवात करण्यापेक्षा बोलणं संपवायचं कसं, याचीच त्याला जास्त धास्ती होती. “दोन वाक्यांनंतर काय करायचं? तिथेच उभं राहायचं?” मग आम्ही निघण्याचीच तालीम केली. “चल, क्लास आहे, भेटू.” पंधरा-वीस वेळा, माझ्या खोलीच्या दारात. किती मुलं या एका वाक्यापाशी अडतात! घरी हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, आणि कोचिंगच्या धावपळीत शिकायला सवड नसते.

“आता मित्र झाला का?” आई अजून विचारते. नाही झाला. पण मागच्या महिन्यात तापाने तो दोन दिवस खोलीतच पडून होता. तिसऱ्या दिवशी ठेल्यावर गेला, तर पोहेवाल्याने न सांगता जीरावन मसाला जास्त भुरभुरला आणि विचारलं, “कां थे भिया, दो दिन से?”

हे त्याने मला एकाच बैठकीत तीनदा सांगितलं.