गावात बॅनर, कॅम्पात दहा-शून्य

पैलवान,

तुझा मेसेज रात्री वाचला. हरियाणात सोनीपतच्या कुस्ती कॅम्पला जाऊन महिना झाला नाही तोवर "वस्ताद, मी इथला नाहीच" आणि खाली रूममेटच्या मेडलचा फोटो. बरं, आता माझं ऐक.

इकडं वेशीत तुझा बॅनर लागलाय, निम्मा मराठीत निम्मा कन्नडात, आणि तिकडं तू रोज दहा-शून्यनं मार खालायस, डोकं फिरणारच की. तो उतरवायला मी काय सांगणार नाही, पावसात फाटेल आपोआप. पण हिशोब तू चुकीचा मांडलायस. ती पोरं लहानपणापासनं मॅटवर आहेत. तू लाल मातीतला, यळ्ळूरच्या मैदानात हलगी वाजायला लागली की चितपट होईपर्यंत झुंजायचं, घड्याळ कोण बघतंय. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये 30 सेकंद, आणि दहा गुणांचा फरक पडला की पाठ न टेकता कुस्ती खलास. व्हिडिओ बघितला मी तुझा. हात सवयीनं लंगोट धरायला जातोय, तिथं लंगोट नाही आणि अंगातली सिंगलेट धरायची नाही, मग तो हात क्षणभर रिकामाच राहतोय आणि तेवढ्यात समोरचा पट काढतोय, म्हणजे पाय धरून पाडतोय. परत परत हेच. ह्यात लायकी कुठं आली, हाताची सवय आहे, मोडायला वेळ लागतो.

खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले तेव्हा त्यांनाही मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानाकडनं शिकून घेतलं. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. लोक मेडलचंच सांगतात, मधली चार वर्षं कोण सांगत नाही.

आणि रूममेट भारी आहे म्हणून रडालायस? अरे इथं तुला तोलामोलाची जोड मिळावी म्हणून आपण कंग्राळी, कडोली पालथी घालत होतो, तिथं ती शेजारच्या खाटेवर झोपतीय. त्याचं मेडल बघू नको, पाय बघ. पटात शिरताना गुडघा कुठं टेकतो, डोकं आत घेतो का बाहेर ठेवतो, आणि मेन म्हणजे पहिला हात कुठं टाकतो. विचार त्याला. हिंदी मोडकीतोडकी चालती, पैलवानाला डाव विचारला की तो जेवण सोडून दाखवतो. एका वेळी एकच माणूस, एकच डाव. आणि रात्री इन्स्टा बंद, तिथं सगळी जिंकलेल्याच कुस्त्या टाकतात.

तुझा डाव, ती ढाक, मात्र सोडायची नाही, मातीतली म्हणून लाजू नको, मॅटवर पण लागती ती.

पुढच्या आठवड्यात हरलेल्या कुस्तीचा व्हिडिओ पाठव, पूर्ण, कापाकापी न करता. खुराकाचे पैसे तुझ्या काकांकडं दिलेत. बदाम, तूप घे. कोण पावडरचा डबा दिला तर कॅम्पातल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तोंडाला लावू नको, डोपिंगमध्ये अडकलास तर मी पण काय करू शकणार नाही.

– वस्ताद