पीडीएफ फुकटच होते, अडतो तो फॉन्ट

प्रश्न : वर्डच्या फाइलची पीडीएफ करायला विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का? आमच्या संस्थेत एका संगणकावर वर्ड २००७ आहे, दुसऱ्यावर वर्डच नाही. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : एक रुपयाही लागत नाही. वर्ड २०१० पासून ही सोय आतच आहे. एफ-१२ दाबा, ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये पीडीएफ निवडा, झालं. २००७ च्या मूळ आवृत्तीत ती नव्हती, पण सर्व्हिस पॅक २ बसवलेला असेल तर तिथेही मिळेल. दुसऱ्या संगणकावर लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यातलं ‘रायटर’ वर्डच्या फाइली उघडतं. ‘फाइल’ मेनूतल्या ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मधून ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ’ घ्या. टूलबारवरच्या बटणानेही काम होतं, पण मग पर्यायांची खिडकी उघडत नाही आणि खरी गंमत त्या खिडकीत आहे.

विंडोज १० आणि ११ मध्ये प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असतो. तो कुठल्याही प्रोग्रॅममधून चालतो, मात्र कागदावर छापल्यासारखंच वागतो. अनुक्रमणिकेच्या लिंका मरतात, बाजूची बुकमार्कं येत नाहीत. एका पानाच्या अर्जाला ठीक, स्मरणिकेला नको. वर्डमधून सेव्ह करतानाही बुकमार्कं आपोआप येत नाहीत; ‘ऑप्शन्स’मध्ये ‘क्रिएट बुकमार्क्स युझिंग हेडिंग्ज’वर खूण करावी लागते.

प्रश्न : मंडळाचा अहवाल कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलाय. घरी नीट दिसतो. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह नेऊन पीडीएफ करून घेतली, तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. गूगल डॉक्समध्ये चढवलं तरी तेच. फाइल बिघडली का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : फाइल शाबूत आहे. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवतात. तुम्ही टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरंच आहेत. ई दिसायला म, जे दिसायला र, इतकंच. दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, गूगल डॉक्सकडेही नाही, म्हणून मुखवटा गळून पडला.

तेव्हा पीडीएफ घरीच करा आणि दुकानात पीडीएफच न्या. पीडीएफ करताना वापरलेल्या अक्षरांची चित्रं फाइलमध्येच भरली जातात (यालाच ‘एम्बेड’ करणं म्हणतात), त्यामुळे पुढे कुणाकडे फॉन्ट असो-नसो, फरक पडत नाही. भरली गेली का, हे निघण्यापूर्वी पाहून घ्या. अ‍ॅडोबी रीडरमध्ये पीडीएफ उघडून कंट्रोल-डी दाबा आणि ‘फॉन्ट्स’ या टॅबवर जा. फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ दिसलं की निर्धास्त. तिथे फॉन्टचं नावच नसेल, तर वर्डने अक्षरांचा फोटो काढलाय असं समजा. काही फॉन्टच्या कर्त्यांनी एम्बेड करायला मनाई केलेली असते आणि ही सूचना फॉन्टच्या फाइलमध्येच लिहिलेली असते. अशा वेळी ‘बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड’वर खूण असेल, तर वर्ड चित्र टाकतं. छापायला चालतं, पण मोठं करून पाहिलं की कडा फुटतात आणि शब्द शोधता येत नाही.

शोधण्याची मारामार एम्बेड झालेल्या कृतिदेवमध्येही आहेच. ‘वर्गणी’ शोधाल तर सापडणार नाही, कारण फाइलमध्ये ‘वर्गणी’ नाहीच. पुढच्या वर्षीचा अहवाल युनिकोडमध्ये करा; त्यात देवनागरी अक्षरं संगणकाच्या लेखीही देवनागरीच असतात. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता हे फॉन्ट मोफत आहेत आणि एम्बेड करायला मोकळे आहेत. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरं यांवर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करा. युनिकोडच्या पीडीएफमधूनही मजकूर कॉपी करताना कधीकधी इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला जातो. पीडीएफ मुळात अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा साठवते, शब्द नव्हे. ज्याला मजकूर पुढे वापरायचाय, त्याला मूळ फाइलही पाठवा. लिब्रेऑफिसच्या पीडीएफ पर्यायांच्या खिडकीत ‘हायब्रिड पीडीएफ’ हा पर्याय आहे. त्याने मूळ दस्तऐवज पीडीएफच्या पोटातच जातो आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडला की दुरुस्त करता येतो.

प्रश्न : इथे १२ पानांत बसलेला अंक पुण्यातल्या संपादकांनी पीडीएफ केला की १३ पानं होतात. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आधी फॉन्ट तपासा. विंडोज १० मध्ये ‘मंगल’ सरसकट नसतो. हिंदी किंवा मराठी भाषा जोडली की येतो. नसेल तिथे ‘निर्मला’ वगैरे दुसरा फॉन्ट येतो आणि ओळी सरकतात. मग कागद पाहा. अमेरिकेतलं ‘लेटर’ २१६ × २७९ मिलिमीटर, आपलं ए-४ २१० × २९७. पुण्यात फाइल उघडून कागद बदलला, की प्रत्येक ओळ ६ मिलिमीटर आखूड आणि पान १८ मिलिमीटर उंच. पानं मग कशीही तुटतात. कागद आधी ठरवा आणि पीडीएफ एकाच ठिकाणी करा.

प्रश्न : ऑनलाइन अर्जाला २ एमबीची मर्यादा, माझी पीडीएफ ९ एमबीची. फुकट वेबसाइटवर लहान करून घेऊ का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : त्यात आधारकार्ड, सातबारा, सही असं काही असेल तर नको. परक्याच्या सर्व्हरवर कागद ठेवून येण्यासारखं आहे ते.

वजन बहुतेक वेळा फोटोंचं असतं. मोबाइलचा ४००० × ३००० बिंदूंचा फोटो तुम्ही पानावर ४ इंच रुंद केला, तरी फाइलमध्ये पूर्ण १ कोटी २० लाख बिंदू बसलेले असतात. १५० डीपीआयला (म्हणजे इंचाला १५० बिंदू) ६०० × ४५० पुरतात, म्हणजे चव्वेचाळिसाव्या भागाइतके. वर्डमध्ये फोटो निवडून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ घ्या, ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’वरची खूण काढा, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर ठेवा आणि १५० पीपीआय निवडा. ती दुसरी खूण विसरू नका: क्रॉप करून कापलेला भाग नुसता झाकलेला असतो, फाइलमध्ये तसाच राहतो. लिब्रेऑफिसमध्ये पर्यायांच्या खिडकीत जेपेग गुणवत्ता ९० वरून ७० वर आणा, रिझोल्यूशन १५० करा. हे काम मूळ फाइलच्या प्रतीवर करा, कारण सेव्ह केल्यावर मोठे फोटो परत मिळत नाहीत.