'७४ वी फूट' म्हणजे काय? रेजिमेंटांची नावं आणि आपली पलटण

प्रश्न असा होता की इंग्रज आणि मराठ्यांमधल्या १८०३ च्या असईच्या लढाईवर वाचताना '७४ वी फूट' असा उल्लेख आला, तर ही फूट म्हणजे काय, आणि मराठीत लिहिताना तिला पलटण म्हणायचं, तुकडी म्हणायचं का सरळ रेजिमेंटच ठेवायचं?

आधी सरळ उत्तर. फूट म्हणजे पाय, म्हणजेच पायदळ. आपल्या 'पायदळ' शब्दात जो पाय आहे तोच हा. इंग्रजीत जुन्या काळी फौजेचे दोन भाग सांगायचे ते 'हॉर्स' आणि 'फूट' असे, आणि आपल्या बखरींमध्येही 'दहा हजार घोडा' असं येतं तेव्हा माणसासकट घोडा मोजलेला असतो, तसंच ते. 'पूना हॉर्स' ऐकल्यावर आपल्याला कुणाला पुण्याचा एक घोडा डोळ्यासमोर येत नाही, घोडदळाची रेजिमेंट आहे हे लगेच कळतं, पण फूट मात्र देवनागरीत आलं की अडतं, कारण मराठीत फूट म्हणजे एकतर बारा इंच नाहीतर दुफळी. म्हणून माझं मत असं की मराठी मजकुरात 'फूट' ठेवूच नये.

पण मग '७४ वी' हा आकडा कुठून आला, आणि काही रेजिमेंटांना आकडा तर काहींना 'ब्लॅक वॉच', 'बफ्स', 'कोल्डस्ट्रीम' अशी नावं का, हे कळल्याशिवाय भाषांतर नीट होत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

सुरुवातीला ब्रिटिश रेजिमेंट ओळखली जायची तिच्या कर्नलच्या नावाने. कर्नल बदलला की नाव बदललं. आता १७४० च्या दशकात युरोपातल्या मोहिमेवर एकाच वेळी दोन रेजिमेंट अशा होत्या की दोघींच्या कर्नलचं आडनाव हॉवर्ड. 'हॉवर्डची रेजिमेंट पुढे सरको' असा हुकूम आला तर कुणी सरकायचं? मग लोकांनी गणवेशाकडे बघितलं. लाल कोट सगळ्यांचेच, पण कॉलर, बाह्यांच्या घड्या आणि आतलं अस्तर प्रत्येक रेजिमेंटचं वेगळ्या रंगाचं. एकीचं हिरवं, ती झाली ग्रीन हॉवर्ड्स. दुसरीचं पिवळसर, कमावलेल्या कातड्याच्या रंगाचं, त्या रंगाला इंग्रजीत बफ म्हणतात, म्हणून ती बफ हॉवर्ड्स आणि पुढे नुसती बफ्स. आणि हा बफ शब्द आला बफेलोवरून, म्हणजे मुळात रेड्या-म्हशीच्या जातीच्या जनावराचं कातडं. कर्नल हॉवर्ड जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली, पण अस्तराच्या कापडावरून पडलेलं नाव टिकलं.

हा गोंधळ संपवायला १७५१ मध्ये राजाचा हुकूम निघाला की यापुढे कर्नलचं नाव नाही, ज्येष्ठतेप्रमाणे नंबर. बफ्स तिसऱ्या, ग्रीन हॉवर्ड्स एकोणिसाव्या. तुमची ७४ वी त्यानंतरची, १७८७ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात खास हिंदुस्थानातल्या नोकरीसाठी उभारलेली, म्हणून तिच्या नावात नंबरासोबत हायलंड पण आहे. तिच्या थोडं आधी, १७८२ मध्ये, नंबरांना परगण्यांची नावं जोडली होती आणि १८८१ मध्ये तर नंबर अधिकृतपणे काढूनच टाकले, बऱ्याच ठिकाणी दोन-दोन जुन्या रेजिमेंट एकत्र करून परगण्याच्या नावाची एक रेजिमेंट, तिच्या दोन बटालियन, असा हिशेब. सरकारने कागदावर नंबर पुसला तरी शिपाई आपापसात जुना नंबरच सांगत राहिले. आणि ग्रीन हॉवर्ड्स हे टोपणनाव १९२० मध्ये शेवटी सरकारनेच अधिकृत नाव म्हणून लावलं. मला या सगळ्या विषयात हेच फार आवडतं, की ऑफिसातून आलेलं नाव बदलत राहतं आणि शिपायांच्या तोंडी बसलेलं नाव राहतं.

ज्येष्ठतेवरून आठवलं, कोल्डस्ट्रीम गार्ड्स. नावावरून काही थंड पाण्याशी वगैरे संबंध असेल असं वाटतं, पण ते गावाचं नाव आहे, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदीच्या काठी. जनरल माँकची ही रेजिमेंट १६५० ची, म्हणजे राजाविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या फौजेतली. १६६० च्या जानेवारीत ती कोल्डस्ट्रीमहून निघून ऐन हिवाळ्यात चालत लंडनला आली आणि राजा परत येण्याचा रस्ता मोकळा झाला. नंतर राजाच्या नोकरीत घेताना तिला गार्ड्समध्ये दुसरा नंबर दिला, कारण राजाच्या नोकरीत ती नंतर आली, पण ती स्वतः पहिलीपेक्षा वयाने मोठी. तिला हा दुसरा नंबर कधीच मान्य झाला नाही. तिचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, 'नुली सेकुंडस', कुणाच्याही मागे दुसरे नाही. परेडमध्ये पहिली रेजिमेंट उजव्या टोकाला उभी राहते तर ही डाव्या टोकाला, म्हणजे दुसरी जागा घ्यायचीच नाही. लंडनला राजवाड्यासमोर उंच अस्वली टोपीवाले पहारेकरी दिसतात ना, ते सगळे सारखेच वाटतात, पण कोटाच्या बटणांकडे बघा. ग्रेनेडियर गार्ड्सची बटणं एकेक, सारख्या अंतरावर. कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोडीने. स्कॉट्स तीन-तीन, आयरिश चार-चार, वेल्श पाच-पाच. एकदा हे कळलं की फोटो बघताना नजर आधी बटणांवरच जाते.

आता शस्त्रांवरून पडलेली नावं, कारण भाषांतरात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ग्रेनेडियर म्हणजे ग्रेनेड फेकणारा, आणि ग्रेनेड हा फ्रेंच शब्द म्हणजे चक्क डाळिंब! गोल, आत दाणे भरावेत तशी दारू भरलेली. ग्रेनेडियरच्या बिल्ल्यावर जो ज्वाळा निघणारा गोळा असतो तो एकदा नीट बघा आणि शेजारी सांगोल्याचं एखादं डाळिंब देठाची बाजू खाली करून ठेवा, वरचा तो पाकळ्यांचा मुकुट आणि बिल्ल्यावरची ज्वाळा, फरक सांगता येणार नाही. फार उंच आणि दणकट माणसं निवडायचे या कामाला. पुढे बाँब फेकणं बंद पडलं तरी नाव मानाचं म्हणून राहिलं. पहिल्या फूट गार्ड्सना 'ग्रेनेडियर' ही पदवी मिळाली १८१५ मध्ये वॉटर्लूनंतर, नेपोलियनच्या खास गार्डाला हरवल्याबद्दल, तेव्हा कुणी हाताने बाँब फेकत नव्हतं. त्यामुळे 'बाँबफेके' वगैरे भाषांतर करू नये, ग्रेनेडियरच ठेवावं. फ्युझिलियर तसंच. फ्युझिल म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी हलकी बंदूक. तोफांच्या संरक्षणाला जे शिपाई असायचे त्यांच्या हातात पेटती वात असलेली जुनी बंदूक देणं धोक्याचं, शेजारी दारूचे पिंप असायचे, म्हणून त्यांना ही बंदूक दिली आणि तेच नाव झालं. ड्रगून म्हणजे मुळात घोड्यावरून जाऊन खाली उतरून लढणारा, नाव त्याच्या 'ड्रॅगन' नावाच्या आखूड बंदुकीवरून. हुसार म्हणजे हलका घोडेस्वार, हा हंगेरीतून आलेला शब्द.

वेल्श फ्युझिलियर्सबद्दल एक सांगतोच. त्यांच्या नावात वेल्श हा शब्द जुन्या पद्धतीने, शेवटी एस ऐवजी सी घालून लिहायचे, आणि तो सी परत मिळावा म्हणून त्यांनी इतका नेट लावला की १९२० मध्ये सैन्याचा खास हुकूम निघाला. आपल्याकडे देवनागरीत दोन्ही वेल्श एकच दिसतात, त्यामुळे हा अभिमान भाषांतरात हरवतो, त्याला इलाज नाही. पण त्यांच्या कॉलरच्या मागे पाच काळ्या रिबिनी लोंबतात, त्या मात्र सांगता येतात. पूर्वी शिपायांना केसांची वेणी घालावी लागे, तिला तेल-पावडर लावलेली, ती कोटाला लागू नये म्हणून तिला पिशवी-रिबिनी. १८०८ मध्ये वेण्या कापायचा हुकूम आला तेव्हा ही रेजिमेंट परदेशात होती, आणि वेण्या गेल्या तरी रिबिनी तिने ठेवल्या. १८३४ मध्ये राजाने अधिकाऱ्यांना परवानगी दिली, शिपायांना १९०० मध्ये. वेणी नाही, तिची आठवण कॉलरवर शिवलेली.

आणि 'डायहार्ड फॅन' म्हणतो आपण सर्रास, ते डायहार्ड पण एका रेजिमेंटमुळेच रुळलंय. १६ मे १८११, स्पेनमधलं आल्बुएरा, ५७ वी रेजिमेंट. कर्नल इंग्लिस जखमी होऊन निशाणाजवळ पडलेला आणि तिथून ओरडत होता, 'डाय हार्ड, फिफ्टीसेव्हन्थ, डाय हार्ड!', म्हणजे सहजासहजी मरू नका, त्यांना महाग पडा. सुमारे ५७० जणांपैकी चारशेहून जास्त पडले किंवा जखमी झाले. तेव्हापासून त्यांचं नाव डायहार्ड्स.

आता परत तुमच्या असईकडे. जालना जिल्ह्यातलं गाव, केळणा आणि जुई नद्यांच्या मधे, २३ सप्टेंबर १८०३. आघाडीची तुकडी चुकून फार उजवीकडे, थेट असई गावाच्या रोखाने गेली आणि ७४ वी तिच्या मागोमाग, गावातल्या तोफांच्या तोंडाशी. तिचे बहुतेक सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. शेवटी १९ व्या लाईट ड्रगून्सनी येऊन तिला सोडवलं. या लढाईबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने तिला मानाचा तिसरा झेंडा दिला, आणि हत्तीचं चिन्ह. माझ्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला एक पितळी-पांढरट बिल्ला आहे, हायलंड लाईट इन्फंट्रीचा, ७४ वी १८८१ मध्ये त्यातच मिसळली. चांदणी, मधे बिगुल, वर मुकुट, खाली पट्टीवर इंग्रजीत 'असाये' आणि त्याच्या खाली अगदी ज्वारीच्या दाण्याएवढा हत्ती, सोंड अंगठ्याला टोचते. बिगुल कशाला, तर लाईट इन्फंट्री म्हणजे हलकं पायदळ विखरून लढायचं, तिथे ढोल चालायचा नाही, बिगुलच लागायचा. आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या चिन्हातही बिगुल आहे तो त्याचसाठी. आणि असईचा हत्ती आज आपल्या भारतीय सैन्यात पण आहे, मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर, कारण त्या दिवशी कंपनीच्या मद्रासी पलटणीही तिथे होत्या. असईच्या माणसांना आपल्या गावाचं नाव असं दोन देशांच्या बिल्ल्यांमधून फिरलंय हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उलटही झालंय. मुंबईत कंपनीची जी गोऱ्यांची शिबंदी १६६८ च्या सुमारास तयार झाली तिचीच पुढे बाँबे फ्युझिलियर्स झाली, आणि १८८१ च्या फेरफारात तिला मद्रासच्या अशाच रेजिमेंटबरोबर जोडून नाव दिलं रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स. म्हणजे नाव आयर्लंडचं आणि मानचिन्हांमध्ये खडकीची लढाई, तीही 'किर्की' या जुन्या स्पेलिंगने. १९२२ मध्ये ती मोडली.

राहिला पलटणीचा प्रश्न. पलटण हा शब्द इंग्रजी बटालियनवरून आला असं जुने कोशकार मानतात, त्यात प्लटूनची सरमिसळ झाली असावी असंही म्हणतात. प्लटून फ्रेंच पेलोतोंवरून, ज्याचा मूळ अर्थ सुताचा छोटा गुंडा, म्हणजे माणसांचा पुंजका. (फलटणचा याच्याशी काही संबंध नाही, निंबाळकरांचं फलटण इंग्रज यायच्या कितीतरी आधीचं.) अर्थाच्या बाजूने बघितलं तर पलटण म्हणजे बटालियनच, भारतीय सैन्यातला पायदळाचा जवान आजही 'माझी पलटण' म्हणतो तेव्हा त्याची बटालियन म्हणत असतो. असईला समोरच्या बाजूला शिंद्यांचे 'कंपू', म्हणजे कवायती फौजांचे मोठे जथे, होते, तो कंपू आला कॅम्प किंवा पोर्तुगीज कांपोवरून, आज त्याची कंपूबाजी झाली. आणि त्याच्याही आधीचे गारदी, फ्रेंच गार्दवरून. तेव्हा १८०३ बद्दल लिहिताना पलटण, कंपू हे त्या काळातलेच शब्द आहेत, ते वापरायला बिचकू नका. 'तुकडी' मात्र नको, तुकडी म्हणजे मोठ्यातून काढलेला छोटा भाग, ती २० जणांचीही होते.

एक पथ्य पाळा. १८८१ च्या आधी साधारण एका नंबराची एकच बटालियन धरली तर पलटण म्हटलेलं चालतं, पण नंतरच्या काळात रेजिमेंट म्हणजे घराणं आणि लढायला जाते ती त्यातली बटालियन, म्हणून तिथे घराण्याला रेजिमेंटच म्हणा आणि बटालियनला पलटण. घोडदळाला रिसाला. तुमच्या वाक्यात मी असं लिहीन: '७४ वी हायलंडर पलटण असईच्या तोफांसमोर सापडली आणि लाईट ड्रगून्सच्या १९ व्या रिसाल्याने तिला सोडवलं.'