गुपचूप आणायची लेन्स

प्रश्न : नाताळला आम्ही घरातली चौघं एकमेकांना भेटी देतो आणि कोणी काय आणलंय ते त्या दिवसापर्यंत गुपित ठेवतो. ह्यांच्याकडे निकॉनचा डी५३०० कॅमेरा आहे, सोबत मिळालेली १८-५५ची लेन्स आहे. आता आमची कॉलेजात जाणारी मुलगीही तोच वापरते. घरातल्या माणसांचे फोटो काढायचा तिला नाद लागलाय. तिला एखादी लेन्स, ह्यांना फिल्टर आणि सासूबाईंना डिजिटल फ्रेम द्यावी असं मनात आहे. मला यातलं काही कळत नाही आणि विचारायला गेले तर गुपित फुटेल. काय बघून घेऊ?
– एक वाचक

उत्तर : मुलीपासून सुरुवात करू, कारण तिला माणसांचे फोटो काढायचे आहेत हे तुम्ही अचूक हेरलंय. माणसं घरात असतात आणि घरात उजेड कमी असतो. तुमची आताची लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). एफ/१.८ची लेन्स तिच्या साधारण साडेनऊपट उजेड आत घेते. म्हणून फ्लॅश न मारता, आजी खिडकीशी बसलेली असतानाही फोटो हलत नाही.

बहुतेक जण ५० मिमीची लेन्स सुचवतील. मी तुम्हाला ३५ मिमी सांगेन. डी५३००चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, लहान आहे, त्यामुळे ५० मिमीतून खोलीत फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकावं लागतं. नाव लिहून घ्या : निकॉन एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी. यातली दोन अक्षरं नीट तपासा. ‘एएफ-एस’ असलंच पाहिजे, कारण या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्येच हवी. जुनी ‘डी’ मालिकेतली लेन्स बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. आणि ‘डीएक्स’, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, असावी. त्याच आकड्यांची, डीएक्स नसलेली लेन्सही मिळते. ती मोठी आणि महाग असते, तुम्हाला तिची गरज नाही. निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांची लेन्स तर बसतच नाही.

आता ह्यांचा फिल्टर. ते घरी नसताना लेन्सचं झाकण काढा आणि काचेभोवतीच्या कड्यावर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. रेघ मारलेल्या गोलापुढे एक आकडा असतो, तेच फिल्टरचं माप. १८-५५च्या वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या. काहींवर ५२ आहे, काहींवर ५५. शेजारी छापलेल्या १८-५५शी त्याची गल्लत करू नका. ५२ निघाला तर दुधात साखर, कारण मी सांगितलेल्या ३५ मिमीचा आकडाही ५२च आहे. एकच फिल्टर बापलेकीला पुरेल. घ्यायचा तो सर्क्युलर पोलरायझर. पाण्यावरची, काचेवरची, ओल्या पानांवरची चकाकी तो काढून टाकतो आणि हा परिणाम नंतर कॉम्प्युटरवर नीट आणता येत नाही. यूव्ही फिल्टरवर पैसे घालवू नका.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. मी आयुष्यभर प्रिंट काढत आलोय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे, पण मनापासून सांगतो : फ्रेम नको, अल्बम द्या. फ्रेममधले फोटो आपले आपण पुढे सरकतात. अल्बमचं पान सासूबाई हवा तेवढा वेळ उघडं ठेवतील, शेजारणीला दाखवतील, एखादा फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघतील.

५ बाय ७ इंचाच्या चांगल्या प्रिंटला जेमतेम ३ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे फोनमधले फोटोही चालतील. फक्त मेसेजवरून फिरून आलेला फोटो देऊ नका, तो आकसलेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा. चिकट पानं आणि वर प्लास्टिक असलेला अल्बम टाळा. काही वर्षांनी तो गोंद पिवळा पडतो आणि फोटो सोडवताना फाटतो. कागदी पानांचा, कोपऱ्यांत फोटो अडकवायचा अल्बम घ्या. फोटोत कोण, कुठे, कोणतं साल ते पानावरच, फोटोखाली लिहा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर पुढे वळ उमटतात. सासूबाईंना वाचता यावं म्हणून अक्षर जरा मोठं काढा.