‘ही-मॅन’ ही मालिका म्हणजे केवळ खेळण्यांची जाहिरात होती का?

‘ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही अमेरिकी कार्टून मालिका गोष्ट सांगण्यासाठी निघाली की खेळणी खपवण्यासाठी, असे आपण विचारले आहे. ती खेळणी खपवण्यासाठीच निघाली. पण तिला केवळ जाहिरात म्हणणे मला पटत नाही.

‘स्टार वॉर्स’ची खेळणी बनवण्याची संधी मॅटेल कंपनीने नाकारली, केनर कंपनीने ती घेतली आणि अमाप पैसा मिळवला. त्यानंतर मॅटेलने १९८२ साली पिळदार देहाचे, साडेपाच इंची योद्धे बाजारात आणले. सोबत मिळणाऱ्या पहिल्या चित्रपुस्तिकांतला ही-मॅन राजपुत्र नव्हता, तर रानटी टोळीतला लढवय्या होता. ही-मॅन ज्यावर स्वार होतो त्या बॅटल कॅट या वाघाचा जन्म तर निव्वळ काटकसरीतून झाला: कंपनीच्याच ‘बिग जिम’ या जुन्या खेळण्यांतल्या वाघाचा साचा हाताशी होता आणि तो नव्या योद्ध्यांच्या मानाने बराच मोठा असल्यामुळे त्याच्यावर खोगीर चढवून त्याला वाहन करण्यात आले.

मालिका आली सप्टेंबर १९८३ मध्ये. अमेरिकेत १९६९ साली ‘हॉट व्हील्स’ या मोटारींवरच्या कार्टूनविरुद्ध प्रतिस्पर्धी कंपनीने तक्रार केली, तेव्हा प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने ते जाहिरातीसारखे असल्याचे मानले होते. रेगन यांच्या काळात मार्क फाउलर आयोगाचे अध्यक्ष झाल्यावर हे धोरण सैल पडले. फिल्मेशन या स्टुडिओने ही मालिका मोठ्या वाहिन्यांना न देता स्थानिक केंद्रांना थेट विकली, आणि आठवड्याला पाच याप्रमाणे तेरा आठवडे पुरतील असे ६५ भाग एका दमात तयार केले. पुढे आणखी तेवढेच झाले.

इतके भाग कमी खर्चात काढायचे, तर तेच धावणे आणि तोच ठोसा पुन्हा पुन्हा वापरणे भाग होते. ही कंजुषी मला तेव्हाही दिसत असे, आणि तरीही तलवार उंचावून राजपुत्र ॲडमचा ही-मॅन होण्याचा प्रसंग कधी चुकवावासा वाटला नाही. ऑर्को हे छोट्या जादूगाराचे पात्र मात्र खेळण्यांच्या कारखान्यातून आलेले नाही. ते फिल्मेशनने निर्माण केले आणि त्याची बाहुली नंतर निघाली. त्याचे आधीचे नाव गॉर्पो होते, पण छातीवरचे अक्षर चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे केले तरी तसेच दिसावे म्हणून ते ‘जी’ऐवजी ‘ओ’ करण्यात आले. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की आणि पॉल डिनी यांच्यासारख्या पुढे नावारूपाला आलेल्या लेखकांनी या मालिकेसाठी लिहिले. ही-मॅन तलवारीने माणसे कापत नाही, शत्रूला उचलून चिखलात भिरकावतो. मुलांच्या कार्यक्रमातील हिंसेवरच्या बंधनांतून त्याचा हा सौम्य स्वभाव घडला, आणि माझ्या मते तोच मालिकेचा सर्वांत चांगला गुण ठरला. प्रत्येक भागाच्या शेवटी येणारा उपदेश मात्र बहुधा ओढूनताणून चिकटवलेला वाटे.

पेगी चॅरेन यांच्या ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ या संघटनेने अशा मालिकांना सातत्याने विरोध केला. १९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर शनिवार-रविवारी तासाला साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटांची मर्यादा घातली. त्या कायद्याखाली आयोगाने ठरवलेल्या व्याख्येनुसार मात्र, एखाद्या खेळण्याच्या मालिकेत त्याच खेळण्याची जाहिरात दाखवली तरच तो सबंध कार्यक्रम जाहिरात ठरतो, एरवी नाही. ही व्याख्या मला कंपन्यांच्या फारच सोयीची वाटते.