आयव्हीएफच्या गोळ्यांनी ट्रायग्लिसराइड वाढतात का?

पूर्वी १४० असलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) फ्रोझन ट्रान्सफरच्या, म्हणजे गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याआधीच्या, गोळ्या सुरू असताना २३० आले, खाणंपिणं तेच, मग लॅबची चूक की पाळीचा परिणाम, असं तुम्ही विचारलंय.

मी लॅबमध्येच काम करते, त्यामुळे पहिला संशय आमच्यावर येण्याची सवय आहे. पण इथे बहुधा गोळीचाच हात आहे. गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं म्हणून इस्ट्राडिओल व्हॅलरेट ही इस्ट्रोजेन हार्मोनची गोळी देतात. पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात पोचतं आणि यकृत ट्रायग्लिसराइड वाहणारे व्हीएलडीएल कण जास्त बनवू लागतं. त्याच वेळी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं उतरतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) चढतं. तुमच्या रिपोर्टात हे दोन आकडे सुधारलेले दिसले, तर गोळीचीच शक्यता आणखी वाढते. पॅच किंवा जेलमधलं इस्ट्रोजेन त्वचेतून थेट रक्तात जातं, म्हणून त्याने ट्रायग्लिसराइड सहसा असे वाढत नाहीत.

पाळीचाही परिणाम असतो, पण लहान. अमेरिकेत बफेलोला २५९ निरोगी स्त्रियांवर बायोसायकल नावाचा अभ्यास झाला. त्यात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल स्त्रीबीज सुटण्याआधी जास्त, नंतरच्या दिवसांत कमी दिसलं. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या काठावर असलेली बाई त्यामुळे एका आठवड्यात ‘हाय’ आणि दुसऱ्यात ‘नॉर्मल’ ठरू शकते. आमच्याकडे रक्त घेताना ‘उपाशी आहात ना?’ हे हमखास विचारतात. पाळीची तारीख मात्र कुणीच विचारत नाही, आणि याचा मला खरंच राग येतो. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच या हार्मोनच्या तपासणीसाठी रक्त देताच ना? लिपिडची (कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची) तपासणीही तेव्हाच करा, दर वेळी त्याच दिवशी, आणि कोणती गोळी चालू होती ते रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा.

२३० ने घाबरायचं कारण नाही. ५०० च्या पुढे गेले तर लक्ष द्यावंच लागतं, आणि १००० ओलांडले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. मधुमेह, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनशी निगडित विकार) किंवा घरात कुणाचे ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील, तर डॉक्टरांना आत्ताच सांगा, कारण गरोदरपणात ते आपोआपच दुप्पट-तिप्पट होतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू असेल तर तेही सांगा. दिवस राहण्याआधी ते बहुतेक वेळा थांबवतात.

इस्ट्राडिओल मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ट्रान्सफर वाया जाईल. गोळीऐवजी पॅच किंवा जेल चालेल का, हे पुढच्या सोनोग्राफीला विचारा.